चुकीच्या घराचं नेट

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक आहे, की सिंगापूरच्या त्या नोकरीत माझं बरं चाललं होतं आणि मिलिंद वाघमारे नावाचा माझा एक सहकारी एक दिवस नागपूरला परत गेला. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मधलं मी गाळत आलो — इतकी वर्षं, इतक्या सफाईनं, की कधीकधी माझं मलाच वाटतं, मधे काही नव्हतंच मुळी.

होतं.

पण थेट तिथे जायला जीभ उचलत नाही. म्हणून आधी रागाचं बोलतो. रागाचं बोलणं सोपं असतं, नाही का? त्यात दुसरं कुणीतरी चुकलेलं असतं.

तर — सिंगापूरच्या बराच दक्षिणेला एक देश आहे. नाव सांगत नाही. तिथे गेल्या दशकाच्या सुरुवातीला एक कायदा झाला. इंटरनेटवरून सिनेमे, गाणी फुकट उतरवून घेणाऱ्यांना धडा शिकवायचा, असा हेतू. हेतूला माझा विरोध नाही. सिनेमा करणाऱ्यानं पोट कशावर भरायचं? पण धडा कसला, तर एखाद्या घराविरुद्ध तीन तक्रारी आल्या, की त्या घराचं नेट तोडायचं. काही महिन्यांसाठी. दुसऱ्या कंपनीकडूनही जोडून मिळणार नाही. आणि घराचं, बरं का — माणसाचं नाही. घरात पाच माणसं असतील तर पाचांचं. एकानं चोरून पाणी भरलं म्हणून अख्ख्या बिल्डिंगचा नळ कापायचा! आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर हंडे घेऊन मोर्चा निघाला असता.

तक्रार कोण करणार? सिनेमा कंपन्यांनी नेमलेली एजन्सी. पुरावा कुणाचा? त्याच एजन्सीच्या मशीनचा. न्यायाधीश? नाही. तक्रार हाच पुरावा आणि पुरावा हाच निकाल. दाद मागायची असेल तर सोय होती — वेबसाइटवर जाऊन अर्ज करायचा. नेट तोडलेल्या माणसानं, वेबसाइटवर! हे ज्याला सुचलं त्याला कुणी हसलंसुद्धा नाही? मला आजही आठवलं की कानशिलं तापतात.

तापू देत. पण तो कायदा चालवणारं यंत्र मी बांधलं होतं. हे सांगितल्याशिवाय माझ्या तापण्याला काडीची किंमत नाही.

आमची कंपनी सिंगापूरची, बेताची मोठी. त्या देशातल्या एका इंटरनेट कंपनीला आम्ही ही सिस्टीम विकली होती आणि ती चालवण्याचं कामही आमच्याकडेच होतं. मी टीमचा प्रमुख. काम सोपं करून सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक नंबर मिळतो, पण तो कायमचा नसतो. लॉजच्या खोलीसारखं असतं — खोली तीच, पाहुणा बदलतो. उद्या तक्रार आली, की सात नंबरच्या खोलीतल्या माणसानं चादर पळवली, तर मालकानं काय बघायचं? त्या वेळी त्या खोलीत कोण उतरलं होतं ते. वेळ चुकली, की चादर नेणारा सुटला आणि त्याच्यानंतर आलेला बिचारा सापडला. आमचा प्रोग्रॅम हेच करायचा. तक्रारीतला नंबर आणि वेळ घ्यायची, आणि घर शोधून द्यायचं.

आता एक हसण्यासारखी गोष्ट. आम्ही शहराच्या पूर्व टोकाला, पासिर रिसला राहायचो, आणि आमच्या घरी दर शनिवारी मराठी सिनेमा चालायचा. सिंगापूरच्या थिएटरात मराठी सिनेमा कुठून येणार? मी उतरवून घ्यायचो. फुकट. बायको उसळ-पोळी वाढायची, मुलगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, सो स्लो लह, स्टिल लोडिंग," आणि मी तिला म्हणायचो, थांब, येतोय. सोमवारी सकाळी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ऑफिसला जायचो आणि याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांची घरं शोधून द्यायचो. मला त्यात काही विसंगत वाटलं होतं का? खरं सांगू? नाही. आपण करतो तो घरगुती मामला असतो. लोक करतात ती चोरी.

मिलिंद माझ्या टीममध्ये होता. नागपूरचा, वयानं माझ्याहून बराच लहान, बोलायला मोकळा, हसला की खांदे हलायचे. ऑफिसच्या बाजूला, क्लेमेंटीला एका चिनी आंटीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचा. त्याच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती. आंटी आपल्या देव्हाऱ्यापुढे संत्री ठेवायची तेव्हा दोन त्याच्या बुद्धापुढेही ठेवून जायची. "नागपूरच्या माणसाला सिंगापुरात संत्री फुकट मिळून राहिली, सर," असं तो सगळ्यांना सांगायचा.

रविवारी कधी आमच्याकडे पोह्यांना यायचा. एकदा माझी आई पुण्याहून आली होती. तिनं त्याचं आडनाव विचारलं आणि ऐकून नुसतं "हं" केलं. मला त्या "हं"चा इतका संताप आला, की मी दोन दिवस आईशी धड बोललो नाही. आपण कसे निराळे आहोत, आपल्या मनात हे असलं काही नाही — याचं मला फार कौतुक होतं. हे लक्षात ठेवा. मला ठेवावं लागतंय.

एका दुपारी मिलिंद माझ्या टेबलाशी आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"सर, घड्याळ चुकून राहिलंय आपलं."

त्या देशात उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात. तक्रारी परदेशातून, वेगळ्या वेळेनुसार यायच्या. आमचा प्रोग्रॅम ती वेळ तिकडच्या वेळेत बदलून घ्यायचा. तो भाग मी स्वतः लिहिला होता, कंपनी लहान असताना, घाईघाईत. शहरांत तो बरोबर चालायचा. पण काही आडगावांच्या नोंदी जुन्या पद्धतीच्या होत्या आणि तिथे घड्याळ पुढे गेलं की आम्ही तासभर चुकत होतो. त्या तासात खोलीतला पाहुणा बदललेला असे. आणि लहान गावात मोजकेच नंबर मोजक्याच घरांत फिरत राहतात, त्यामुळे चूक पुन्हापुन्हा त्याच दारात जाऊन उभी राहायची.

मी तपासलं. तो बरोबर होता. दुरुस्ती दोन ओळींची होती.

"मग करून टाकू?" त्यानं विचारलं. "आणि त्यांना कळवू ना, की ज्यांचं नेट तोडलं ती घरं परत तपासा?"

मी म्हणालो, "थांब जरा. रिन्यूअल होऊन जाऊ दे."

त्या कंपनीशी आमचा करार पुढे वाढायचा होता, आणि नेमक्या त्याच सुमारास मी सिंगापूरच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, अर्ज केला होता. चूक माझ्या हातची होती. आता हे सगळं ओळीनं मांडलं की कारणासारखं दिसतं. कारण नव्हे ते. दोन ओळी होत्या. दोन ओळी!

त्याच आठवड्यात तिकडून फोन आला. एक बाई ऐकत नव्हती. तिचं नेट तोडलं होतं आणि ती त्या कंपनीच्या ऑफिसात स्वतः जाऊन बसली होती — यंत्र चालवणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय हलणार नाही म्हणे. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यानं आम्हाला स्पीकरवर घेतलं. इकडे मी आणि मिलिंद, बंद काचेच्या मीटिंग रूममध्ये. तिकडे तो अधिकारी आणि ती.

तिचं नाव लॉरेन. डोंगराकडच्या एका वस्तीत राहायची, नवरा ट्रकवर. ती घरी बसून डॉक्टरांचे आवाज ऐकून रोग्यांचे रिपोर्ट टाइप करायची. हॉस्पिटलं ते नेटवरून पाठवत. जवळच्या गावातल्या लायब्ररीत नेट होतं, पण रोग्यांची खासगी माहिती तिथे उघडायला हॉस्पिटलची मनाई. नेट गेलं म्हणजे काम गेलं. नंतर परत मिळेल, असं काम नव्हतं ते. गेलं ते दुसरीकडे गेलं.

"मी कुठला सिनेमा चोरला म्हणता?" तिनं विचारलं. अधिकाऱ्यानं नाव वाचून दाखवलं — गाड्यांच्या शर्यतींचा कुठलातरी सिनेमा. ती हसली. वैतागून नव्हे, खरोखर हसली. "अहो, मी दिवसभर कानांत डॉक्टर घालून बसते. संध्याकाळी मला घरात पंख्याचा आवाज नको असतो."

मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "मी हे केलं नाही. पण केलं नाही हे मी दाखवू कसं? न केलेल्या गोष्टीची खूण कुठे असते? तुम्हीच सांगा."

अधिकाऱ्यानं मला विचारलं — आवाजावरून तोही वैतागलेला, कदाचित तिच्या बाजूचाही — "हेमंत, तुमच्याकडून काही चूक झाली असण्याची शक्यता?"

मिलिंद माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "नाही. नोंदी आम्ही तपासल्या आहेत. बरोबर आहेत."

तिनं माझं नाव पुन्हा विचारलं, स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. "थँक यू, हेमंत," ती म्हणाली. आणि फोन बंद झाला.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. एवढाच असता तर मी कदाचित कधीच सांगून मोकळा झालो असतो. घाबरलो, खोटं बोललो — माणसं बोलतात. दारू पिऊन मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगण्याइतपत ते पाप आहे. याच्या पुढचं तसं नाही.

मिलिंदनं मीटिंग रूमचं दार उघडलं नाही. आतच उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "सर, तिनं तुम्हाला थँक यू म्हटलं." नंतर म्हणाला, "मी टॅनकडे जाऊन राहिलो. तुमचं नाव घेणार नाही. चूक कोणाची ते नाही सांगत, चूक आहे एवढंच सांगतो."

आणि खरंच तसंच केलं त्यानं.

टॅन आमचे डायरेक्टर. माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. त्यांनी संध्याकाळी मला बोलावलं. "हा मिलिंद म्हणतो, चुकीच्या घरांचं नेट तोडलं जातंय. क्लायंटला आत्ताच सांगा म्हणतो. तू टीमचा प्रमुख. सरळ सांग — हे खरं आहे का? यस ऑर नो?"

खिडकीबाहेर चांगला उजेड होता. खाली बसस्टॉपवर युनिव्हर्सिटीची पोरं. मला सगळं दिसत होतं, अजून दिसतं. मला एक शब्द बोलायचा होता. "यस." बस. मिलिंदनं तर माझं नावही घेतलं नव्हतं. "यस, आणि दुरुस्ती तयार आहे" म्हटलं असतं तर टॅन दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. लॉरेनला एक फोन गेला असता.

मी काय म्हणालो?

इंग्रजीत म्हणालो. म्हणालो, "मिलिंद इंजिनिअर म्हणून चांगला आहे. पण तो भारतात ज्या समाजातून येतो ना, त्या लोकांना सगळीकडे अन्यायच दिसतो. स्वभावच असतो तो. छोटी गोष्ट असते, ते मोठी करतात."

झालं. हे ते.

टॅनना त्यातलं काय कळणार? कुठला समाज, कसला अन्याय — त्यांना पत्ता नव्हता. ते "आय सी, आय सी" म्हणाले. ज्याला त्या वाक्याचा अर्थ कळत होता असा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि तो ते बोलत होता.

कुणी शिकवलं होतं मला ते वाक्य? आईच्या एका "हं"वर मी चिडलो होतो. तिनं निदान तोंडावर केलं होतं, आणि तिच्या "हं"नं कुणाची नोकरी जात नव्हती. माझं वाक्य शोधावं लागलं नाही. अडखळलो नाही. ते आत तयारच होतं, इस्त्री करून ठेवलेल्या शर्टासारखं. वेळ आली, काढलं, घातलं. आणि तुम्ही मला विचाराल, की त्या कायद्यावर एवढा का चिडतोस? अरे, म्हणूनच चिडतो! तो कायदा काय म्हणत होता? की कुणीतरी बोट दाखवलं की पुरे. समोरच्याला विचारायचं नाही, तपासायचं नाही, तो खोटं सांगतोय असंच धरून चालायचं. मी वेगळं काय केलं? मी मिलिंदकडे बोट दाखवलं. त्याला विचारायला कुणी गेलं नाही.

त्याचा पास — सिंगापुरात नोकरी करायचा परवाना — थोड्याच दिवसांत रिन्यू व्हायचा होता. कंपनीनं अर्जच केला नाही. "टीममध्ये बसत नाही," असं कारण दिलं. त्याच्या जागी कुणाला घेतलंही नाही.

करार मात्र वाढला. त्यानंतरच्या व्हर्जनमध्ये मी मिलिंदच्या दोन ओळी घातल्या. नोंद केली — किरकोळ सुधारणा. आधी ज्यांचं नेट तुटलं त्यांना कुणी कळवलं नाही. लॉरेनचं पुढे काय झालं? मला माहीत नाही. तिचं नाव, पत्ता, सगळं आमच्या सिस्टीममध्ये होतं. पुढची कित्येक वर्षं होतं. मी एकदाही उघडलं नाही. मला पीआर मिळाला. आम्ही हॉटेलात जेवायला गेलो.

जाण्याआधी मिलिंदनं मला क्लेमेंटीला बोलावलं होतं, त्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत. दुपारची वेळ, पंखे गरगरत होते. मी न जाण्याची दोन कारणं तयार केली होती, तरी गेलो. तो माझ्यासाठी कॉफी घेऊन बसला होता. आंटी रडली म्हणाला, बुद्ध इथेच ठेवून जा म्हणाली, मी सोय करते. हसला. खांदे हलले.

मग म्हणाला, "सर, एक विचारू? त्या फोनवर तुम्ही घाबरलात. ते मला समजलं. राग आला होता, खोटं नाही सांगत. पण घर, पोरगी, सगळं असते माणसाला. एवढंच सांगा — टॅननं तुम्हाला बोलावलं होतं ना नंतर? तिथं तरी खरं सांगितलं ना तुम्ही?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "सांगितलं रे. त्यानं ऐकलं नाही."

"वाटलंच मला," तो म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला. टेबलावरून हात पुढे करून त्यानं माझा हात दाबला. "तुम्ही माझ्यासाठी बोललात, हे पुष्कळ झालं सर."

मी हात काढून घेतला नाही.

तो नागपूरला गेला. काही महिने घरी बसला, मग एका कॉलेजात शिकवायला लागला. लग्न झालं, मुलगा झाला. दिवाळीला, बुद्धपौर्णिमेला त्याचा मेसेज यायचा, मी उत्तर द्यायचो. मुलाचं नाव ठेवताना त्यानं बायकोला माझ्याबद्दल सांगितलं होतं म्हणे — परक्या देशात आपल्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. हेही त्यानंच कळवलं. मी फोन ठेवून आंघोळीला गेलो.

दशक संपत आलं तेव्हा एक बातमी आली. त्या देशानं नेट तोडण्याचं ते कलम रद्द केलं. तिथल्या लोकांनी बरीच वर्षं आरडाओरडा केला होता — घराला शिक्षा का, तक्रार म्हणजे पुरावा कसा, हेच सगळे प्रश्न. अखेर सरकारनं गुपचूप गुंडाळलं. माफी कुणी मागितली नाही. मला बातमी वाचून आनंद झाला, लाज वाटत नाही सांगायला. शिवी हासडून आनंद झाला.

दुपारी मिलिंदचा मेसेज आला.

"सर, बातमी पाहिली का? तो नेट तोडायचा नियम गेला. आपण दोघं तेव्हाच सांगून राहिलो होतो. कोणी ऐकलं नाही आपलं."

मी तो दोनदा वाचला. "आपण दोघं." बोट कीबोर्डवर होतं. बायको समोर भाजी निवडत बसली होती. कुणाचा मेसेज, तिनं विचारलं. मिलिंदचा, मी म्हणालो. चांगला मुलगा, ती म्हणाली.

मी त्याला अंगठा पाठवला.